परदेशात राहणाऱ्यांच्या घरी येणारी जुन्या कर्जाची पत्रे

भालकी, बसवकल्याण, औराद किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या घरी टपालवाला जाड लिफाफा घेऊन येतो. त्यावर ज्याचे नाव असते तो शारजामध्ये, मस्कतमध्ये किंवा जर्मनीतील एखाद्या विद्यापीठाच्या गावी असतो. पत्राचा मजकूर कन्नड किंवा इंग्रजी, आणि घरात वाचली जाते ती मराठी. वडील पोचपावतीवर सही करतात, धाकटी बहीण पत्राचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवते आणि त्या रात्री दोन्ही देशांत कोणालाच नीट झोप लागत नाही.

यानंतर सहसा दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर पत्र कपाटात जाते, कारण कर्ज फार जुने आहे, तीन वर्षांनंतर ते आपोआप संपते असे कोणीतरी सांगितलेले असते. नाहीतर घाबरलेला मुलगा त्याच रात्री उत्तर लिहितो : पैसे द्यायचे आहेत हे मला ठाऊक आहे, थोडा वेळ द्यावा. पहिल्यात एकतर्फी निकालाचा धोका आहे. दुसऱ्यात, जे कर्ज कायद्याने वसूल होण्याच्या पलीकडे जाऊ लागले होते, ते आपल्याच शब्दांनी परत उभे राहण्याचा धोका आहे.

गोमंतकीय वाचकाला हा विषय परका नाही. आखातात गेलेला माणूस इथे घरोघरी आहे. शिवाय बिदर-कलबुर्गीकडून कामासाठी गोव्यात आलेली आणि पुढे आखाताची वाट धरलेली कुटुंबेही आहेत. उदाहरणे मुद्दाम सीमाभागातील घेतली आहेत, कारण भाषा, जमिनीचे दप्तर आणि सहकारी पतसंस्था या तिन्हींची गुंतागुंत तिथे एकत्र येते. मूळ कायदा मात्र देशभर एकच आहे.

तीन वर्षांचा समज आणि कलम १५

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या, विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावण्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. मागताक्षणी देय असलेल्या वचनचिठ्ठीवर ही मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जाते. हप्त्यांच्या कर्जात हप्ता थकल्यापासून. स्थावर मालमत्ता तारण असेल तर त्या तारणावरील दाव्याला बारा वर्षे मिळतात. एवढे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. जे ठाऊक नसते ते त्याच कायद्याच्या कलम १५ च्या पाचव्या पोटकलमात आहे : प्रतिवादी भारताबाहेर असल्याचा काळ दाव्याची मुदत मोजताना वगळला जातो.

परदेशस्थ माणसाचा सगळा हिशेब या एका वाक्याने बदलतो. समजा, एखाद्याचे वैयक्तिक कर्ज १ जून २०१५ रोजी थकले, वर्षभर तो गावीच होता आणि १ जून २०१६ रोजी दुबईला गेला. त्यानंतर दरवर्षी एक महिना तो सुटीवर येत राहिला. जून २०२५ मध्ये त्याच्या मते कर्जाला दहा वर्षे झाली. कायद्याच्या मोजणीत मात्र सुरुवातीचे बारा महिने आणि नऊ सुट्यांचे नऊ महिने, असे एकवीस महिनेच सरले आहेत. छत्तीस भरायला अजून पंधरा बाकी आहेत. दर वर्षी महिनाभर येण्याचा क्रम पुढेही चालू राहिला, तर ती मुदत आणखी कित्येक वर्षे संपणार नाही.

ही सवलत धनकोला आपोआप मिळत नाही. मुदत उलटलेली दिसत असेल तर तो दावा कोणत्या कारणाने मुदतीत आहे हे वादीला दावापत्रातच लिहावे लागते आणि पुढे सिद्ध करावे लागते. त्या वेळी कामाला येतो तो जुना पासपोर्ट. येण्याजाण्याचे शिक्के हाच दोन्ही बाजूंचा पुरावा. मुदत संपलेला पासपोर्ट नव्याबरोबर परत मिळाला की तो कोपऱ्यात टाकून देण्याची आपली सवय सोडावी.

गोव्याच्या वाचकासाठी एक जोड. मुदतीच्या बाबतीत गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता चालावी की भारतीय कायदा, हा वाद दीर्घकाळ होता. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने संहितेतील तरतुदी टिकून असल्याचे म्हटले होते. पुढे २००१ मध्ये सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक या खटल्यात त्याच न्यायालयाने १९६३ चा कायदाच गोव्याला लागू असल्याचे ठरवले. तेव्हा घरातील जुनी माणसे सांगतात ती लांबलचक पोर्तुगीज मुदत आता धरून चालू नये.

मुदत उलटली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असेही नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो. देणे देणेच राहते. बँकेच्या वहीत आणि पतमाहिती संस्थेच्या नोंदीत ते दिसू शकते, आणि मुदतबाह्य कर्ज स्वखुशीने फेडल्यावर ते पैसे परत मागता येत नाहीत. कर्ज खरे असेल आणि ऐपत असेल, तर ते फेडण्यात कमीपणा नाही. पण फेडायचे की नाही, किती आणि कोणाला, हे कागद पाहून ठरवावे, भीतीपोटी नव्हे.

उत्तर द्यावे, कबुली देऊ नये

मुदत चालू असताना ऋणकोने सही करून लेखी कबुली दिली, तर कलम १८ नुसार त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. व्याजापोटी किंवा मुद्दलापोटी रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली, तर कलम १९ मुळे तेच होते. बँका दर तीन वर्षांच्या आत शिल्लक मान्य असल्याच्या कागदावर सही मागतात त्याचे कारण हेच. सुटीवर आलेल्या माणसाला शाखेत चहा देऊन पुढे सरकवला जाणारा तो एक पानाचा छापील कागद औपचारिकता नसतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो अनेकांना धक्का देतो. कबुलीसोबत पैसे देण्यास नकार असला तरी कायद्याने ती कबुलीच ठरते. ‘माझ्याकडे तुमचे दोन लाख आहेत, पण मी देणार नाही’ हे रागाने लिहिलेले वाक्य धनकोच्या उपयोगाचे आहे. कबुलीत रक्कम नेमकी असावी लागत नाही आणि ती धनकोलाच उद्देशून असावी लागते असेही नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली ई-मेलवरील कबुलीही ग्राह्य धरली आहे. तेव्हा कागदावर सही केली नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये. व्हॉट्सॲपवर वसुली एजंटाशी घातलेला वाद हाही लेखी मजकूरच आहे.

मुदत एकदा उलटून गेल्यावर नुसत्या कबुलीने ती परत येत नाही. त्यासाठी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ नुसार ‘मी हे कर्ज फेडीन’ असे सहीचे लेखी वचन लागते. म्हणूनच जुन्या कर्जाच्या पत्रांत पुष्कळदा ‘किमान हजार रुपये भरा आणि सोबतच्या पत्रावर सही करा’ अशी नरम भाषा असते. हजार रुपयांपेक्षा ती सही मोलाची असते.

मग उत्तरात लिहावे काय? थोडक्यात एवढेच : आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. त्यातील मागणी मी मान्य केलेली नाही व हे पत्र कोणत्याही देण्याची कबुली समजू नये. मूळ करारपत्राची प्रत, सुरुवातीपासूनचा खाते उतारा, शेवटच्या भरण्याची तारीख, व्याज आकारणीचा तपशील आणि आपण मूळ धनको नसल्यास कर्ज आपल्याकडे वर्ग झाल्याचा कागद पाठवावा. यापुढील पत्रव्यवहार या ई-मेलवर करावा. यात क्षमायाचना नको, घरची अडचण नको, ‘लवकरच’ हा शब्द नको. न्यायालयाच्या समन्सला मात्र असे उत्तर चालत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

घरच्यांनी काय लिहावे, किंबहुना लिहू नये, हाही प्रश्न आहे. वडिलांनी मुलाच्या वतीने दिलेली कबुली मुलाला बांधत नाही, कारण कबुली स्वतः ऋणकोने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीने द्यावी लागते. सहकर्जदारांपैकी एकाने सही केली म्हणून केवळ तेवढ्याने दुसरा अडकत नाही. अपवाद एकत्र हिंदू कुटुंबाचा. कुटुंबाच्या वतीने घेतलेल्या कर्जाची कबुली त्या वेळच्या कर्त्याने दिली, तर ती साऱ्या कुटुंबाची मानली जाते. बिदरकडे अजूनही जमीन एकत्र आणि कर्ता म्हणून थोरले काका, अशी घरे पुष्कळ आहेत; काकांची एक सही तिथे मस्कतमधील पुतण्याच्या वाट्यापर्यंत पोचते.

लिफाफ्यात नेमके काय आहे

सर्व पत्रे सारखी नसतात. वसुली एजंटाचे किंवा वकिलाचे मागणीपत्र म्हणजे न्यायालय नव्हे, कितीही लाल शिक्के असले तरी. अनोळखी कंपनीचे पत्र आले तर बहुधा बँकेने ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेले असते. हे कायदेशीर आहे, पण वर्ग झाल्याचा पुरावा मागण्याचा हक्क आहे आणि तो पाहिल्याशिवाय एक रुपयाही नव्या खात्यात भरू नये. बनावट वसुलीचे सापळे याच फटीतून लागतात.

सीमाभागात सर्वाधिक घबराट उडते ती लोकअदालतीच्या पत्राने. तालुका विधी सेवा समितीच्या नावाने आलेला कागद समन्ससारखाच दिसतो. दावा लागण्यापूर्वीचे हे पत्र म्हणजे तडजोडीचे निमंत्रण असते. न गेल्यास तिथे कोणाविरुद्ध निकाल लागत नाही. पण गेल्यावर तडजोडीवर सही झाली, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक होतो आणि त्यावर अपील नसते. सवलत चांगली मिळत असेल तर जावे. नुसते ‘बघून येतो’ म्हणून वडिलांना पाठवू नये.

धनादेश न वटल्याची नोटीस ही अगदी वेगळी. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून धनकोला तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार करता येते. येथे गप्प राहिल्यास पुढे वॉरंटपर्यंत गोष्ट जाते आणि सुटीवर येताना विमानतळावर तिची आठवण करून दिली जाऊ शकते. कर्ज घेताना पतसंस्थेत सही करून ठेवलेले कोरे धनादेश कित्येकांच्या ध्यानातही नसतात. कोरा असला तरी सही केलेल्या धनादेशामागे देणे आहे असे गृहीत धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

तारण कर्जात बँक न्यायालयात न जाता २००२ च्या सरफेसी कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊ शकते. तिच्यावर लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचलल्यास त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. बिदरच्या माणसाला त्यासाठी बेंगळूरु गाठावे लागते, म्हणून साठ दिवसांतली हरकतच खरी महत्त्वाची. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू नाही. बिदर शहरातील प्लॉटला मात्र लागू होतो, आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या पैशातून झालेली घरे बहुधा अशाच प्लॉटवर असतात.

उरले न्यायालयाचे समन्स. ऋणको घरी नसेल, जवळच्या काळात सापडण्याचा संभव नसेल आणि त्याने कोणी प्रतिनिधी नेमलेला नसेल, तर घरातील सज्ञान व्यक्तीला दिलेले समन्स दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार बजावलेले धरता येते. मग ती व्यक्ती पुरुष असो वा स्त्री. घरगडी मात्र यात मोजत नाहीत. बेलिफाला ‘इथे राहत नाही’ एवढेच सांगून दार लावले तर तो दारावर प्रत चिकटवून जातो. टपाल नाकारले तर ते मिळाल्याचेच न्यायालय बहुधा मानते. म्हणून घरच्यांनी पत्र घ्यावे, लिफाफ्यासकट त्याचे छायाचित्र काढावे, मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी आणि ‘मुलगा अमुक देशात राहतो, त्याचा पत्ता हा’ असे बेलिफाच्या अहवालावर नोंदवायला सांगावे. प्रतिवादी परदेशी राहतो आणि येथे त्याचा प्रतिनिधी नाही, तर समन्स त्या परदेशी पत्त्यावर पाठवण्याचीही तरतूद संहितेत आहे. पुढे एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची वेळ आली, तर ही लहानशी नोंद उपयोगी पडते.

समन्स बजावल्यापासून कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. सामान्य दाव्यात न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. वचनचिठ्ठीवरील संक्षिप्त दाव्यात तर हजर होण्यास दहाच दिवस असतात. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षे मागता येते. कपाटात ठेवलेल्या पत्राचे आयुष्य त्यामुळे मूळ कर्जाहून मोठे होते. दावा लागला आहे की नाही हे परदेशात बसूनही कळते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बिदर किंवा कलबुर्गी जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा. नाव कन्नड उच्चाराप्रमाणे वेगळ्या इंग्रजी वळणाने लिहिलेले असू शकते, तेव्हा दोनतीन प्रकारे शोधावे.

निव्वळ कर्ज थकले म्हणून तुरुंग नाही. ऐपतच नसलेल्या ऋणकोला हुकूमनाम्यापोटी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे संहितेतच आहे. सरकारी बँकांनी परस्पर लुकआउट परिपत्रके काढण्याची प्रथाही मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याच्या कक्षेत गोवा येतो, एप्रिल २०२४ मध्ये अवैध ठरवली. न्यायालयाने स्वतः दिलेला आदेश ही गोष्ट निराळी.

फोनचाही उल्लेख करायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे थकीत कर्जासाठी वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. भारतात आठ वाजले तेव्हा दुबईत साडेसहा असतात, पण तेवढे मनावर घेऊ नये. शेजाऱ्यांसमोर आईला अपमानित करणे, नातेवाइकांना फोन करणे हे मात्र मनावर घ्यावे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क तक्रार ऑनलाइन करता येते. सूक्ष्म कर्जांच्या वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला असून त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

सहकारी कर्ज आणि पहाणी

बिदर जिल्ह्याची ओळख सहकारी पतव्यवस्थेशी जोडलेली आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि तिच्याशी बांधलेले महिलांचे स्वयंसहायता गट यांचे काम गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या काळात देशभर नावाजले गेले. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा व्हिसाच्या खर्चासाठी पहिली रक्कम अशाच संस्थेतून उचलली जाते, आणि जामीनदार म्हणून शेजारी, मेहुणा किंवा शाळेतले गुरुजी सही करतात.

या संस्थांना तीन वर्षांचे गणित जसेच्या तसे लावू नये. कर्नाटकात संस्था आणि सभासद यांतील वाद १९५९ च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७० खाली सहकार खात्याकडे जातो, दिवाणी न्यायालयात नव्हे. संस्था बहुराज्य असेल, आणि सोलापूर-लातूरकडून सीमा ओलांडून शाखा काढलेल्या पतसंस्था तशा असतात, तर २००२ च्या बहुराज्य कायद्यानुसार सभासदाकडील येण्याची मुदत तो मरण पावल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. म्हणजे जोवर तो सभासद आहे तोवर वर्षे मोजण्यात अर्थ नाही. गप्प बसलेल्या ऋणकोऐवजी संस्था जामीनदाराला धरू शकते, आणि गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशावर ते येते. कायद्याचे डावपेच लढवण्याआधी त्या माणसाला एक फोन करणे एवढे तरी ऋणकोने करावे.

आपल्या जमिनीवर कोणता बोजा आहे हे पाहण्यासाठी गावी जावे लागत नाही. महाराष्ट्रात ज्याला सात-बारा म्हणतात त्याला इकडे पहाणी म्हणतात, आणि ती कर्नाटकाच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर दिसते. हक्क व ऋणांच्या रकान्यात बँकेचे किंवा सोसायटीचे नाव, रक्कम आणि फेरफार क्रमांक असतो. मजकूर कन्नड असला तरी आकडे आणि संस्थेचे नाव लावता येते. घराच्या किंवा प्लॉटच्या नोंदींसाठी ‘कावेरी’ संकेतस्थळावरून ऋणभार प्रमाणपत्र मिळते. पत्र खरे की खोटे याची पहिली परीक्षा इथेच होते.

आखातातील कर्ज मागे येते तेव्हा

वाट उलटीही आहे. आखातात काढलेले वाहनकर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी सोडून माणूस नोकरी गेल्यावर गावी परततो; दोनतीन वर्षांनी हैदराबाद किंवा मुंबईच्या वकिलाचे पत्र येते. पूर्वी अशा पत्रात धाकापलीकडे फारसे काही नसे. १७ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परस्पर मान्यतेचा देश घोषित केले. तेव्हापासून दुबई, अबुधाबी आदी अधिसूचित न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा थेट बिदरच्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल होऊ शकतो. ब्रिटन व सिंगापूर आधीपासूनच त्या यादीत आहेत. ज्या देशांना अशी मान्यता नाही, तिथल्या निकालावर धनकोला भारतात नवा दावा लावावा लागतो.

परदेशी हुकूमनाम्याला हरकतीही आहेत. प्रतिवादीला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही, निकाल गुणवत्तेवर झाला नाही, फसवणुकीने मिळवला, अशी कारणे संहितेच्या कलम १३ मध्ये दिली आहेत. म्हणून अमिरातीतून निघताना राहत्या जागेचा करार, व्हिसा रद्द झाल्याची तारीख आणि बँकेला कळवलेला भारतातील पत्ता यांचे कागद जपून आणावेत. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, हाच पुढे वादाचा मुद्दा होतो.

मुखत्यारपत्र आणि तडजोड

प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तर मुखत्यारपत्र करावे लागते. भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून घेता येते. अपोस्टिल करारातील देशांत, उदाहरणार्थ ओमान, बहारीन व सौदी अरेबियात, तो दुसरा मार्गही आहे. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मजकूर मात्र तयार नमुन्यावरून उतरवू नये. ‘माझ्या वतीने सर्व काही करणे’ असे कुलमुखत्यारपत्र दिले की कर्जाची कबुली देण्याचा, तडजोड करण्याचा, प्रसंगी जमीन विकण्याचा अधिकार आपण सख्ख्या पण दुसऱ्या माणसाला दिलेला असतो. कोणत्या संस्थेचे कोणते खाते, कोणत्या न्यायालयातील कोणते प्रकरण, एवढ्यापुरतेच अधिकार लिहावेत आणि कर्ज मान्य करण्याचा अधिकार दिलेला नाही, असे स्पष्ट नोंदवावे.

एकरकमी तडजोड करायची ठरली, तर आधी बँकेचे मंजुरीपत्र हातात घ्यावे : एकूण रक्कम, भरण्याची अखेरची तारीख, उरलेली बाकी माफ असल्याचा उल्लेख, आणि दावा किंवा तक्रार मागे घेण्याची हमी. पैसे कर्जखात्यातच भरावेत, एजंटाच्या यूपीआयवर नव्हे.

आजोबांच्या नावचे कर्ज

याच घरांत कधीकधी आणखी जुना कागद निघतो. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचेच तुकडे पडले आणि निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात, तर भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे उर्दूतील दस्त, मोडीतील चिठ्ठी, फसली सन आणि हाली सिक्क्यातील रक्कम असा ऐवज एकाच गाठोड्यात सापडतो. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा तेव्हाचा दर. सावकाराच्या नातवाने असा कागद दाखवून परदेशी असलेल्या नातवाकडे व्याजासह मागणी केली, तर त्या कागदाला आज कौटुंबिक इतिहासापलीकडे किंमत नाही.

वडिलांचे अलीकडचे कर्ज मात्र तपासावे. वारस स्वतःच्या कमाईतून बापाचे देणे लागत नाही. बापाकडून जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. बापाचे, आजाचे ऋण फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य आहे या एकाच कारणावर दावा लावण्याची वाट २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद केली. आखातातला पगार त्यामुळे सुरक्षित आहे, वडिलांची चार एकर जमीन नाही. वारस नोंद करून घेण्याच्या घाईत ‘वडिलांची सर्व देणी मी स्वीकारतो’ असे वाक्य असलेल्या कागदावर सही झाली, तर हा भेद पुसला जातो.

कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला आणि मूळ दस्त घ्यावेत. पूर्ण परतफेडीनंतर मालमत्तेचे दस्त तीस दिवसांत परत देणे आणि तारणाची नोंद काढून घेणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये ऋणकोला मिळायला हवेत. दाखला मिळाल्यावर महिन्याभराने ‘भूमी’वर पहाणी पुन्हा उघडावी आणि ऋणाच्या रकान्यातून संस्थेचे नाव खरोखर गेले आहे का ते पाहावे. गेले नसेल तर दाखल्याची प्रत जोडून तहसील कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्यावा लागतो, आणि तेवढ्यासाठी वरील मर्यादित मुखत्यारपत्र पुरते.